उजवीकडच्या खुर्चीतला तास



व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, "अहो, भाड्याच्या विमानातल्या दुय्यम वैमानिकाने आपल्या वहीत तास कसे मांडावेत, यात इतिहास तो कोणता? हा तर कारकुनीचा विषय झाला." मी त्यांना म्हटले, कारकुनीचा आहे म्हणूनच इतिहासाचा आहे. आपल्या पेशवे दप्तरातून लढायांची वर्णने काढून टाका, तरी रोजकीर्दी, हजेऱ्या आणि हिशेब यांच्यावरून त्या काळचा माणूस उभा करता येईल. उलट हिशेब काढून टाकले, तर लढाया अधांतरी राहतील. कोणाच्या नावावर काय मांडले गेले आणि कोणाच्या नावावर काय मांडू दिले नाही, हे ज्याला कळले त्याला त्या समाजातली अधिकाराची उतरंड कळली.

आपल्या कचेऱ्यांत पूर्वी 'उमेदवार' नावाचा एक प्राणी असे. पगार नाही, हुद्दा नाही. पण सकाळी दौत भरण्यापासून संध्याकाळी दप्तर बांधण्यापर्यंत सगळे काम तो करी. पुढे तो कायम झाला म्हणजे पहिला तंटा हाच निघे, की उमेदवारीची वर्षे नोकरीत धरायची की नाहीत? काम तर केले होते. पण ते काम 'जागेवर' केले होते काय? जागाच मंजूर नव्हती, तर तिच्यावरचे काम कसे मोजायचे? हा प्रश्न आपण मनात ठेवावा. आज मी जी गोष्ट सांगणार आहे ती अमेरिकेतली आहे, विमानाची आहे, आणि तरीही ती उमेदवारीचीच गोष्ट आहे.

प्रथम वहीविषयी. प्रत्येक वैमानिकाजवळ लॉगबुक म्हणून एक वही असते. तारीख, विमानाचा प्रकार व क्रमांक, कोठून कोठे गेलो, दिवसा की रात्री, ढगांतून उपकरणांवर गेलो की डोळ्यांनी पाहून, आणि किती वेळ. वेळ बहुधा तासाच्या दहाव्या हिश्शात मांडतात, म्हणजे सहा मिनिटे हे या व्यवहारातले लहानात लहान नाणे. उड्डाणाचा वेळ म्हणजे केवळ हवेत असलेला वेळ, असा आपला समज असतो. तो बरोबर नाही. अमेरिकन नियमाप्रमाणे विमान उड्डाणाच्या हेतूने स्वतःच्या शक्तीने हलले की तास सुरू होतो, आणि उतरल्यावर ते थांबले की संपतो. धावपट्टीच्या तोंडाशी रांगेत उभे राहून गेलेली वीस मिनिटेही त्यात आली.

मग वही कोण तपासतो? रोजच्या रोज कोणीच नाही. वैमानिक स्वतःच लिहितो, स्वतःच बेरीज करतो आणि पानाच्या तळाशी स्वतःच सही करतो. सावकाराची वही ऋणकोच्या हाती दिल्यासारखा हा प्रकार आहे. म्हणून इंग्रजी वैमानिकांत एक जुना विनोद आहे. दुसऱ्या महायुद्धात पी-५१ नावाचे नामांकित लढाऊ विमान होते. आणि त्याच काळात पार्कर कंपनीचे '५१' या नावाचे फाउंटन पेनही खपत होते. ज्याच्या वहीतले तास संशयास्पद वाटत, त्याच्याविषयी म्हणत की याने पी-५१ वर पुष्कळ तास काढले आहेत, पण ते पार्करचे! विनोदाने गोष्ट हलकी होते, पण कायदा तिला हलके मानीत नाही. अमेरिकेच्या नियमांत वहीत हेतुपुरस्सर खोटी नोंद करणे एवढ्यानेच हातातले सर्व परवाने रद्द होऊ शकतात. एका तासाच्या खोट्या नोंदीपायी दहा वर्षांचे खरे तास पाण्यात जातात. आपणही दुसऱ्याला हसायला नको. २०११ साली भारतात बनावट गुणपत्रिका आणि न केलेले उड्डाणतास दाखवून परवाने मिळविल्याची प्रकरणे उघडकीस आली आणि वैमानिकांना अटकही झाली.

आता दुसऱ्या खुर्चीकडे वळू.

विमान जन्मले ते एकट्याचे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे आपल्या जुहूला उतरले तेव्हा त्या पस मॉथ विमानात त्यांच्या शेजारी कोणी नव्हते. अमेरिकेतही टपालाचे आरंभीचे वैमानिक एकटेच जात. त्या देशात विमानव्यवहाराचा पहिला केंद्रीय कायदा १९२६ सालचा. त्याअन्वये परवाने निघू लागले, तेव्हा पहिल्या क्रमांकाचा परवाना ऑर्विल राइट यांना देऊ केला होता. त्यांनी तो नाकारला. आपण आता उडत नाही, आणि पहिला उडालो हे दाखवायला आपल्याला सरकारी कागदाची गरज नाही, असा त्यांचा भाव होता. मग एप्रिल १९२७ मध्ये तो विमान-खात्याचे प्रमुख विल्यम मॅक्रॅकन यांनीच घेतला. उडणाऱ्याच्या अंगच्या कसबापेक्षा कागदाला मोल आले ते येथून.

त्याच सुमारास फोर्डचे तीन एंजिनांचे प्रवासी विमान आले आणि पुढे दोन खुर्च्या झाल्या. पण दुसऱ्या खुर्चीतल्या माणसाचे काम काय, हे बराच काळ कोणालाच नीट ठाऊक नव्हते. तो सामान चढवी, टपालाच्या पिशव्या मोजी, उतारूंना खाण्याच्या पेट्या वाटी, आणि कोणाला ओकारी आली तर त्याचीही सोय पाही. १५ मे १९३० रोजी एलन चर्च या परिचारिकेची हवाई सेविका म्हणून पहिली फेरी झाली, तेव्हा त्याच्या हातातली खाण्याची पेटी सुटली. सुकाणू हाती यायला मात्र वेळ लागला. कॅप्टनची मर्जी असेल तर मिळे, नसेल तर तासन्‌तास हात मांडीवर ठेवून बसावे.

अर्नेस्ट गॅन नावाचे वैमानिक-लेखक होऊन गेले. त्यांच्या १९६१ सालच्या 'फेट इज द हंटर' या आठवणींच्या पुस्तकात उमेदवारीचा एक प्रसंग आहे. ते उजवीकडे बसून उपकरणांवर नजर खिळवून विमान खाली आणीत आहेत, आणि त्यांचा कॅप्टन काडेपेटीतून एकेक काडी ओढून त्यांच्या डोळ्यांसमोर धरतो आहे. हा छळ कशासाठी, ते त्यांना तेव्हा कळेना. पुढे खऱ्या संकटात चित्त विचलित न होऊ देण्याची वेळ आली तेव्हा कळले. आपल्याकडे उस्तादाच्या मागे तंबोरा धरून बसलेल्या शिष्याच्या अशा हकीकती पुष्कळ आहेत. परंतु माझा प्रश्न वेगळा आहे. त्या काड्यांचा तास गॅनसाहेबांच्या वहीत कोणत्या रकान्यात गेला?

कारण एव्हाना तासाला किंमत आली होती. १९३४ साली अमेरिकेच्या कामगार-मंडळाच्या एका निवाड्याने विमान-कंपनीच्या वैमानिकाला महिन्याला ८५ तासांची मर्यादा घातली, आणि १९३८ च्या कायद्याने ती पक्की केली. तासावर पगार, तासावर विश्रांती, तासावर वरचा परवाना. मोठ्या कंपन्यांत मात्र या रकान्याचा फारसा घोळ झाला नाही. कारण तेथली विमानेच अशी, की दोन वैमानिकांवाचून ती उडवू नयेत, असे त्यांच्या प्रमाणपत्रातच लिहिलेले. जागा मंजूर होती. उमेदवार जागेवर होता. घोळ झाला तो भाड्याच्या लहान विमानांत.

भाड्याचे विमान म्हणजे आपली टॅक्सी. ठरावीक वेळापत्रक नाही. गिऱ्हाईक येईल तेव्हा, सांगेल तेथे. विमान पाच-सात माणसांचे, मालक पुष्कळदा स्वतःच वैमानिक, आणि विमानाचे प्रमाणपत्र सांगते की एक माणूस पुरे. मग दुसऱ्याला का बसवावे? त्याचे वजन म्हणजे एक उतारू कमी, त्याचा पगार म्हणजे एक खर्च अधिक.

३ फेब्रुवारी १९५९ च्या रात्री आयोवा प्रांतातील क्लिअर लेक गावाजवळच्या विमानतळावरून असेच एक भाड्याचे विमान निघाले. आत बडी हॉली आणि आणखी दोन तरुण गायक, आणि एकवीस वर्षांचा एकटा वैमानिक. त्याच्या वहीत ७११ तास होते. वयाच्या मानाने ते थोडे म्हणता येणार नाहीत. पण केवळ उपकरणांवर उडण्याचा परवाना त्याच्याजवळ नव्हता. आदल्या वर्षी त्या परीक्षेत तो उतरला नव्हता. बाहेर काळोख, बर्फ, क्षितिज दिसत नाही. विमान काही मैलांवरच शेतात कोसळले आणि चौघेही गेले. उपकरणांवर उडणे भाग पडेल अशा हवेत निघण्याचा वैमानिकाचा निर्णय अविचाराचा होता, असा चौकशी-मंडळाने निष्कर्ष काढला. हवामानाची माहिती त्याला अपुरी दिली गेली होती आणि विमानातले कल दाखविणारे यंत्र त्याच्या सवयीचे नव्हते, हेही नमूद केले. ७११ हा आकडा खरा होता. मात्र त्या रात्री ज्या तासांची गरज होती, ते तास त्या आकड्यात नव्हते.

दुसरी हकीकत २ ऑक्टोबर १९७० ची. विचिटा येथील विद्यापीठाचा फुटबॉल-संघ दोन भाड्याच्या विमानांनी युटा प्रांतात सामन्यास चालला होता. विमाने मार्टिन ४-०-४ जातीची, दोन वैमानिकांवाचून न उडणारी. विमान एका कंपनीचे, वैमानिक दुसऱ्या कंपनीने पुरविलेले. आता चमत्कार पाहा. त्यांपैकी एका विमानात कागदोपत्री जो कॅप्टन, तो उजव्या खुर्चीत बसला होता. आणि डाव्या खुर्चीत, सुकाणू हाती घेऊन, कागदोपत्री जो दुय्यम तो. हा दुय्यम म्हणजे वैमानिक पुरविणाऱ्या कंपनीचा अध्यक्षच! कॅप्टन कायद्याने वरचा, पण पगाराने खालचा. अध्यक्षांनी उतारूंना डोंगरांची शोभा दाखवावी म्हणून कोलोरॅडोतल्या दरीचा रस्ता धरला. विमानात भार मर्यादेपेक्षा अधिक. उड्डाणाची आखणी जवळजवळ नाहीच. दरी चढत गेली, विमान चढेना. वळायला जागा उरली नाही. चाळीस माणसांपैकी एकतीस दगावली. दुसरे विमान नेहमीच्या रस्त्याने सुखरूप पोहोचले. उजव्या खुर्चीतल्या त्या तरुण कॅप्टनने वेळीच 'मागे फिरा' म्हणायला हवे होते, हे आपण येथे खुर्चीत बसून म्हणू शकतो. ज्याच्या सहीने आपला पगार निघतो त्याला 'मागे फिरा' म्हणणे किती जणांना जमेल, हे मात्र मला सांगता येत नाही.

खुर्ची, अधिकार आणि हातातले सुकाणू या तीन वस्तू निराळ्या आहेत. अमेरिकन नियमांनी हा भेद फार बारकाईने केला आहे, इतका की प्रथम वाचणाऱ्याचे डोके गरगरते. उड्डाणाला अंतिम जबाबदार असणे ही एक गोष्ट. आणि वहीत प्रमुख म्हणून तास मांडता येणे ही दुसरी. जबाबदार प्रमुख एका वेळी एकच असतो. पण त्या जातीचे विमान चालविण्याचा परवाना असलेला वैमानिक, सुकाणू एकट्याच्या हाती असेल तेवढा वेळ, जबाबदार नसतानाही प्रमुखाच्या रकान्यात मांडू शकतो. त्यामुळे एकाच सहा मिनिटांवर दोन वह्यांत 'प्रमुख' लिहिलेले आढळते, आणि दोन्ही नोंदी कायदेशीर असतात!

दुय्यमाचा रकाना याहून कडक आहे. तेथे नुसते बसून चालत नाही, नुसते उडवूनही चालत नाही. दुसऱ्या वैमानिकाची त्या उड्डाणाला गरज असली पाहिजे. ही गरज दोन वाटांनी उत्पन्न होते. विमानाच्या प्रमाणपत्राने, किंवा ज्या नियमांखाली ते उड्डाण चालले आहे त्या नियमांनी. भाड्याच्या विमानांचे नियम 'भाग १३५' या नावाने ओळखले जातात. १९७८ साली, विमानधंदा मोकळा झाला त्याच वर्षी, त्यांची नव्याने बांधणी झाली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : उतारूंच्या जागा दहा किंवा अधिक असतील तर दुसरा वैमानिक हवाच. आणि जागा कमी असल्या तरी, उतारू घेऊन उपकरणांच्या नियमाने जायचे असेल, तर दुसरा वैमानिक हवा. मात्र या दुसऱ्या कलमाला एक पळवाट ठेवली आहे. विमानात मान्यताप्राप्त ऑटोपायलट असेल, कंपनीने तशी परवानगी काढली असेल, आणि वैमानिकाचे त्या जातीच्या विमानावर प्रमुख म्हणून शंभर तास झाले असतील, तर दुसऱ्या माणसाऐवजी ते यंत्र चालते.

म्हणजे उमेदवाराची जागा आणि एका यंत्राची जागा कायद्याने एकच केली. मग कंपनीने ऑटोपायलटची परवानगी काढलेली असूनही, एखाद्या दिवशी माणूस बसविला तर? त्याचे तास धरावेत की नाही? यावर पुष्कळ खल झाला. विमान-खात्याच्या कायदेपंडितांनी दिलेले उत्तर मला न्याय्य वाटते. मूळ नियम माणसाचा आहे, यंत्र हा अपवाद आहे. कंपनीने अपवाद न वापरता मूळ नियम पाळला, तर तो माणूस गरजेचाच ठरतो आणि त्याचे तास धरले जातात. अट एवढीच, की भाग १३५ प्रमाणे त्याचे शिक्षण व परीक्षा झालेल्या असाव्यात. शेजारच्या खुर्चीत हौसेने बसवून घेतलेला मित्र यात येत नाही.

आता एक दिवस डोळ्यांसमोर आणू. किंग एअर २०० नावाचे दोन एंजिनांचे विमान आहे. त्याचे जास्तीत जास्त वजन १२,५०० पौंड. प्रमाणपत्राप्रमाणे एक वैमानिक पुरे. डावीकडे प्रमुख, उजवीकडे पंचविशीतला उमेदवार. सकाळी सात उतारू घेऊन ढगांतून, उपकरणांच्या नियमाने निघाले. दुसरा वैमानिक गरजेचा. दीड तास वहीत जातो. उतारू उतरले. विमान रिकामे परत न्यायचे. उतारू नाहीत म्हणजे हे भाड्याचे उड्डाण नव्हे, हे सर्वसाधारण नियमाखालचे उड्डाण. आणि त्या नियमाला दुसरा वैमानिक नको असतो. तेच विमान, तेच ढग, तीच खुर्ची. नकाशे त्यानेच उघडले, नियंत्रकाशी तोच बोलला, तरी येतानाचा दीड तास दुय्यम म्हणून मांडता येत नाही. दुपारी आकाश निवळले, आणि उतारूंना जवळच्या गावी डोळ्यांनी पाहून नेले. जागा नवाच्या आत, उपकरणांचा नियम नाही, म्हणून याही तासाची गरज नाही. संध्याकाळी केवळ माल. कलम उतारूंचे आहे, मालाचे नाही. असा हा उमेदवार पहाटे पाचाला घरून निघून रात्री नऊला परततो, आणि वहीत दीड तास लिहितो.

येथे कोणी म्हणेल, नाही लिहिला तास तर काय बिघडले? शिकायला तर मिळालेच ना? १२ फेब्रुवारी २००९ पर्यंत हे उत्तर काहीसे चालून जात होते.

त्या रात्री न्यूयॉर्क प्रांतातील बफेलोजवळ एक प्रवासी विमान उतरता उतरता एका घरावर पडले. विमानातील एकूणपन्नास आणि घरातील एक, अशी पन्नास माणसे गेली. वेग धोक्याइतका मंदावला म्हणून सुकाणू थरथरून इशारा देऊ लागले, तेव्हा नाक खाली करायचे ते कॅप्टनने उलट वर ओढले. मृतांच्या नातलगांनी वॉशिंग्टनमध्ये चिकाटीने पाठपुरावा केला. १ ऑगस्ट २०१० रोजी कायदा झाला, आणि २०१३ पासून नियम लागू झाला की मोठ्या विमान-कंपनीत दुय्यम म्हणून बसायलाही सर्वांत वरचा परवाना, म्हणजे साधारणपणे १,५०० तास हवेत. लष्करातून येणाऱ्यास ७५०, विमानविद्येची पदवी घेतलेल्यास १,००० अशा काही सवलती ठेवल्या. त्यापूर्वी २५० तासांच्या व्यापारी परवान्यावर ती खुर्ची मिळू शकत होती.

यातला विरोधाभास पुष्कळांनी दाखविला आहे. बफेलोच्या त्या विमानात कॅप्टनचे ३,३७९ तास होते आणि दुय्यम वैमानिक बाईंचे २,२४४. म्हणजे नवा नियम आधीच असता तर दोघेही त्यात सहज बसले असते. म्हणून नियम चुकीचाच, असे मी म्हणणार नाही. ज्यांची माणसे गेली त्यांना मोजता येईल असे काहीतरी हवे होते, आणि विमानधंद्यात मोजता येणारी वस्तू एकच होती. परंतु परिणाम व्हायचा तो झाला. २५० आणि १,५०० यांच्यामध्ये एक दरी पडली, आणि हजारो तरुण-तरुणी तिच्या काठाशी उभ्या राहिल्या. कोणी नवशिक्यांना शिकवू लागला, कोणी जाहिरातीचे फलक ओढू लागला. कोणी पदरचे पैसे भरून दुय्यम खुर्चीत बसू लागला. आपल्या कचेरीतल्या उमेदवाराला पगार नव्हता. येथे तर उमेदवारच पगार देणारा निघाला! ही प्रथा जुनी आहे आणि तिची लाज वाटणारे लोकही धंद्यात आहेत, एवढे सांगून पुढे जातो.

भाड्याच्या विमानांच्या मालकांनी मग सरकारकडे गाऱ्हाणे नेले. त्यांच्यापाशी विमाने होती, अनुभवी प्रमुख होते, रिकामी उजवी खुर्ची होती. फक्त त्या खुर्चीतला तास नव्हता. २०१८ च्या जूनमध्ये विमान-खात्याने नियम बदलला, आणि त्यातला हा भाग वर्षअखेरीस अमलात आला. सरकारमान्य 'दुय्यम वैमानिक विकास योजना' चालविणाऱ्या भाड्याच्या कंपनीतील उमेदवाराला, गरज नसलेल्या खुर्चीतही तास मांडता येऊ लागले. परतीच्या रिकाम्या फेरीतलेसुद्धा.

अटी वाचण्यासारख्या आहेत, कारण त्यांत जुन्या सगळ्या लबाड्यांचा इतिहास दडलेला आहे. विमान दोन एंजिनांचे, किंवा एका एंजिनाचे असेल तर टर्बाइनचे हवे. म्हणजे क्लिअर लेकच्या जातीचे नको. दुसऱ्या वैमानिकासाठी स्वतंत्र सुकाणू हवे. काही लहान विमानांत एकच सुकाणू असते आणि ते डावीकडून उजवीकडे फिरवून देता येते. तसले चालणार नाही, असे शब्द घालून म्हटले आहे. उजवीकडे बसणाऱ्याला उपकरणे नीट दिसली पाहिजेत. प्रमुख हा निदान सहा महिने त्या पदाला पूर्ण पात्र असलेला, आणि हाताखालच्याला घडवावे कसे याचे शिक्षण घेतलेला हवा. कंपनीने उमेदवाराच्या नोंदी ठेवाव्यात आणि मागेल तेव्हा त्याला त्यांची प्रत द्यावी. हे शेवटचे कलम वाचताना मला आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांची आठवण झाली. नोकरी सोडल्यावर अनुभवाचा दाखला मिळावा म्हणून ते एका कार्यालयाच्या पायऱ्या दोन वर्षे झिजवीत होते. नियम करणाऱ्यालाही असे कोणीतरी भेटले असावे.

आणखी दोन अटी आहेत. प्रमुखाने उमेदवाराच्या वहीत स्वतः दाखला द्यायचा, की हा वेळ या योजनेखाली झाला. म्हणजे आरंभी मी ज्या वहीविषयी म्हटले, की ती ऋणकोच्याच हाती असते, तिच्यात येथे दुसऱ्याची सही आली. आणि या योजनेतला वेळ, सुकाणू एकट्याच्या हाती असले तरीही, प्रमुखाच्या रकान्यात घालायचा नाही. ज्या विमानात गरज म्हणून बसलेला उमेदवार सुकाणू हाती येताच 'प्रमुख' लिहू शकत होता, त्याच विमानात योजनेतल्या उमेदवाराला ते बंद झाले. एका हाताने दिले, दुसऱ्याने थोडे काढून घेतले. मला यात गैर वाटत नाही. दोन वह्यांत एकच तास प्रमुखाचा म्हणून नांदत होता तो प्रकारच मुळात पटायला कठीण होता.

गोष्ट अमेरिकेच्या हद्दीत संपती तर येथे थांबलो असतो. पण विमान हद्द ओलांडते. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे जागतिक विमानवाहतुकीचा करार झाला, त्यात भारतही होता. त्या करारातून निघालेली आंतरराष्ट्रीय संघटना जे परिशिष्टांचे संच काढते, त्यांतले पहिले वैमानिकांच्या परवान्यांविषयी आहे. आपल्याकडच्या वैमानिकांच्या तोंडी जे 'पी-वन' आणि 'पी-टू' हे शब्द असतात, तो याच प्रमुख-दुय्यम विभागणीचा संक्षेप. आणि सर्वांत वरच्या परवान्याला १,५०० तास हा आकडाही आपल्याकडे आहेच. तर या पहिल्या परिशिष्टाने आमच्या उमेदवाराविषयी काय म्हटले आहे? विमान प्रमाणपत्राने एकट्याचे, पण एखाद्या देशाने त्यात दुसरा वैमानिक सक्तीचा केला असेल, तर त्या दुसऱ्याचा वेळ वरच्या परवान्यासाठी निम्म्याहून अधिक धरू नये. तासाला अर्धा तास. विमानात दोघांची साधने असतील आणि काम खरोखरच दोघांत वाटून चालत असेल, तर पूर्ण वेळ धरण्याची मुभा त्या देशाला आहे.

निम्मे धरणे हा तडजोडीचा हिशेब आहे. आपल्या पंचायतीत दोन्ही पक्ष खरे वाटले की पंच मधली रेघ ओढीत, तसाच. पण अमेरिकेने देशापुरता पूर्ण तास दिला. त्यामुळे अशा तासांवर वरचा परवाना मिळविणाऱ्याला अमेरिकेत तो परवाना मिळतो खरा, पण त्याच्यावर एक ओळ छापलेली असू शकते : धारकाचा प्रमुख म्हणून असलेला अनुभव आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मापाला पुरा पडत नाही. मायदेशात तो पूर्ण वैमानिक आणि सीमेबाहेर ती ओळ त्याच्याबरोबर. पुढे उरलेले तास पुरे झाले, म्हणजे तो वही घेऊन कचेरीत जातो, खिडकीपलीकडचा अधिकारी रकान्यांची बेरीज तपासतो, आणि त्या ओळीवाचूनचा नवा परवाना त्याला देतो.